‘जि’ म्हणजे काय, ते आता कुणाला विचारायचं?

कळव्याच्या एका छोट्या वाचनालयातून फोन आला तेव्हा मी दुपारची भांडी आवरत होते. "मॅडम, कॉम्प्युटर बदलला. पुस्तकांचा प्रोग्रॅम उघडतच नाही. सगळं गेलं का हो?"

पुस्तकं कपाटात होती तिथेच होती. उघडत नव्हती ती त्यांची यादी. साधारण नऊ हजार नोंदी, कुणीतरी वर्षानुवर्षं एकेक करून टाइप केलेल्या. फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून नव्या मशीनवर आणलं होतं, पण क्लिक केलं की मशीन एकच सांगत होतं: हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही.

"जुना कॉम्प्युटर भंगारात गेला का?"

"नाही, माळ्यावर टाकलाय."

"मग तो तिथेच राहू द्या. मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

प्रोग्रॅमचं नाव विनआयसिस. ग्रंथालयात नोकरी केलेल्या, साठीकडे झुकलेल्या माणसापुढे हे नाव काढलं की चेहऱ्यावर ओळख उमटते. तिशीतल्या ग्रंथपालाने ते परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या ग्रंथालयात बरीच वर्षं याच प्रोग्रॅमवर काढली. प्रशिक्षणाच्या वेळची माझी एक वही आहे, तिच्या शेवटच्या पानावर सोबतच्यांचे अकरा फोन नंबर आहेत. कळव्याहून फोन आला त्या संध्याकाळी मी ते लावून पाहिले. लँडलाइनचे बहुतेक मेलेले. तिघांशी बोलणं झालं. एकजण म्हणाला, "अगं, ते सगळं पुसलं गेलं डोक्यातून. आता नातवाची शाळेची बस गाठणं एवढंच काम." दुसऱ्याच्या घरी सुनेने फोन उचलला आणि मग मी फार विचारलं नाही.

सॉफ्टवेअर म्हातारं झालं म्हणजे नेमकं काय झालं? लोकांना वाटतं मशीन जुनं झालं, वेग कमी पडला. तसं नसतं. हा प्रोग्रॅम आजही जुन्या मशीनवर पूर्वीइतकाच चटकन उघडतो. विरळ झालं ते वहीचं शेवटचं पान.

हा प्रोग्रॅम आला कुठून

१९६०च्या दशकाच्या अखेरीस जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या कागदपत्रांच्या नोंदींसाठी आयसिस नावाची प्रणाली केली. खोलीएवढ्या मेनफ्रेमवर चालणारी. पुढे युनेस्कोने ती आपल्याकडे घेतली, तिच्या नावाला सीडीएस जोडलं गेलं, आणि १९८५ साली जाम्पाओलो देल बिजिओ या युनेस्कोतल्या माणसाने ती टेबलावरच्या पीसीत बसवली. नव्वदच्या दशकात विंडोजवरची आवृत्ती आली, तीच ही विनआयसिस.

युनेस्कोचा हेतू सरळ होता. महागडं सॉफ्टवेअर घेणं ज्या देशांतल्या ग्रंथालयांना परवडत नाही, त्यांना ते फुकट द्यायचं. भारतात वाटप आणि प्रशिक्षण केंद्र सरकारच्या निस्सॅट या योजनेमार्फत चालायचं. लॅटिन अमेरिकेत तर आयसिसने घरच केलं. साओ पावलोच्या बिरेमे या आरोग्यविषयक माहिती केंद्राने त्याभोवती स्वतःची अवजारं बनवली, त्यातलं एक पुढे कळव्यातही कामाला आलं.

(नावाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेटवर शोधायला जावं तर ग्रंथालय राहतं बाजूला. आमच्यातले जुने लोक मात्र अजून लोकलच्या डब्यात मोठ्याने "आमचं आयसिसचं ट्रेनिंग झालं तेव्हा..." असं सुरू करतात आणि आजूबाजूचे चारजण वळून बघतात.)

रकाने तुम्हीच आखायचे

ठाण्याला ग्रंथालयांची सवय जुनी. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. त्यामुळे लाकडी खणांतला कार्ड कॅटलॉग इथल्या अनेकांनी हाताळलेला आहे: साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं जाड कार्ड, खाली भोक, त्यातून ओवलेली सळई. एका पुस्तकाची तीन-चार कार्डं. एक लेखकाच्या नावाखाली, एक शीर्षकाखाली, एक विषयाखाली.

आयसिसमध्ये पुस्तक एकदाच नोंदवायचं. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक मिळतो आणि नोंदीचे तुकडे असतात, त्यांना फील्ड म्हणायचं. प्रत्येक फील्डला नावाऐवजी आकडा, म्हणजे टॅग. युनेस्कोने नमुना म्हणून जो डेटाबेस सोबत दिला होता त्यात २४ म्हणजे शीर्षक, २६ म्हणजे प्रकाशनाचा तपशील, ६९ म्हणजे विषयशब्द आणि ७० म्हणजे लेखक. आम्हाला हे पाठ होतं. दोन आयसिसवाले एकमेकांशी "सत्तरमध्ये काय टाकलंस?" असं बोलायचे.

पण तो नुसता नमुना होता, बंधन नव्हतं. आयसिस म्हणजे कोरी वही. रकाने किती, कुठल्या आकड्याचे, कशासाठी, हे ज्याने त्याने ठरवायचं. एखाद्याला नाण्यांच्या संग्रहाची यादी करायची असेल तर तीही व्हायची. कारखान्यात असताना मी यंत्रांच्या नकाशांसाठी एक वेगळा डेटाबेस आखला होता आणि त्याचा मला पुस्तकांच्या यादीपेक्षा जास्त अभिमान होता, हे कबूल करते. आजची ग्रंथालयाची सॉफ्टवेअर छापील फॉर्मसारखी असतात. चौकटी आधीच आखलेल्या, तुम्ही फक्त भरायच्या. आयसिसमधलं हे स्वातंत्र्य फार गोड होतं. गाठ मात्र तिथेच पडली, ती पुढे सांगते.

आता शोधाचं काम. नऊ हजार नोंदींतून ‘भात’ हा शब्द असलेलं पुस्तक शोधताना प्रोग्रॅम सगळ्या नोंदी वाचत बसत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, शब्द आणि त्यापुढे पानांचे आकडे? तशीच सूची तो आधी करून ठेवतो. शब्द, आणि त्यापुढे तो शब्द ज्या नोंदींत आहे त्यांचे क्रमांक. त्या सूचीत काय घ्यायचं हेही ग्रंथपालाने सांगायचं. पद्धतींना आकडे होते. ० म्हणजे अख्खी ओळ जशीच्या तशी, ४ म्हणजे एकेक शब्द सुटा करून, २ म्हणजे कोनी कंसात लिहिलेलं तेवढंच. लेखकाला ० लावायचं, शीर्षकाला ४. चुकून उलटं केलं की शोधात नावाचे तुकडे पडायचे आणि वाचकाला वाटायचं पुस्तकच नाही.

पडद्यावर नोंद कशी दिसावी, यासाठी आयसिसची स्वतःची एक छोटी भाषा होती. ‘सत्तरमध्ये काही असेल तर आधी ते दाखव, मग स्वल्पविराम, मग चोवीस’ अशा सूचना तिच्यात लिहायच्या. एक कंस सुटला की सगळं कोसळायचं. ही भाषा पुस्तिकेवरून फार थोडेजण शिकले. बाकीचे एकमेकांकडून शिकले. कुणीतरी मासिकांच्या अंकांसाठी सुंदर मांडणी लिहिलेली असायची, ती फ्लॉपीवर मिळायची. बदल्यात आपण आपली दाखल नोंदवही छापायची मांडणी द्यायची. दादरला प्रशिक्षण झालं की ठाण्यापर्यंतच्या लोकलमध्ये तेच बोलणं. ज्याने शिकवलं त्याने पैसे घेतले नाहीत, ज्याने शिकलं त्याने पुढच्या दोघांना शिकवलं. प्रोग्रॅमची खरी पुस्तिका ही अशी माणसांत वाटलेली होती.

फुकट आणि खुलं

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं पुढचं त्यावर आहे. विनआयसिस फुकट होतं, पण खुलं नव्हतं. म्हणजे प्रोग्रॅम मिळायचा, पण तो ज्या मूळ लिखाणातून तयार झाला ते लिखाण बाहेर दिलेलं नव्हतं. देवळातल्या प्रसादासारखं: प्रसाद मिळतो, कृती मिळत नाही. करणारा आहे तोवर काही बिघडत नाही.

विनआयसिस १६ बिटच्या विंडोजसाठी बांधलेलं होतं. ३२ बिटच्या विंडोजमध्ये अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी एक वेगळी सोय आत ठेवलेली असे, त्यामुळे एक्सपीवर ते सुखाने चालायचं. ६४ बिटच्या विंडोजमधून ती सोय मायक्रोसॉफ्टने काढून टाकली. २०१४च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधार बंद झाला आणि २०२१ला आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचंच आहे. आज कुठल्याही दुकानातून नवा पीसी आणा, विनआयसिस त्यावर थेट चालणार नाही. मूळ लिखाण हाती असतं तर जगभरच्या आयसिसवाल्यांपैकी कुणीतरी ते नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधलं असतं. युनेस्कोकडून पुढे जावामधलं जेआयसिस आलं, बिरेमे आणि बेल्जियमच्या लोकांनी मिळून एबीसीडी नावाचं वेबवर चालणारं भावंड काढलं. दोन्ही खुली, दोन्ही चांगली. पण तोवर आमच्याकडची माणसं पांगली होती.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण बघा. न्यूझीलंडमधल्या लेविन या छोट्या गावाच्या ग्रंथालयाला १९९९ साली कळलं की आपली जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार. त्यांनी नवी लिहून घेतली, २०००च्या जानेवारीत सुरू केली आणि तिचं मूळ लिखाण सगळ्यांना खुलं केलं. तीच कोहा. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. आज आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत ती आहे. पहिली कर्ती माणसं गेली तरी दुसरी येऊ शकतात, कारण कृती लिहिलेली आहे. कोहा म्हणजे मोक्ष, असं मी म्हणणार नाही. तिला लिनक्सचा सर्व्हर लागतो, वेळोवेळी आवृत्ती बदलावी लागते, आणि छोट्या वाचनालयात हे करणारा माणूस नसतो. एकदा बसवून दिलेली आणि मग वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली कोहाही मी पाहिली आहे.

लोक आयसिस सोडून का गेले, याची कारणं साधी आहेत. त्यात देवघेव नव्हती. कोणतं पुस्तक कुणाकडे, परत कधी, दंड किती, हे मुळात त्यात नव्हतंच, बाहेरून जोडावं लागायचं. कॉलेजांना गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल मिळालं, सरकारी ग्रंथालयांना एनआयसीचं ई-ग्रंथालय. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती आली की ग्रंथालय स्वयंचलित आहे का, विचारते, आणि तिथे सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव सांगणं सोयीचं. निस्सॅट बंद पडल्यावर प्रशिक्षणं थांबली. ग्रंथपाल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा लगेच भरल्या गेल्या नाहीत. नवा माणूस आला तेव्हा जुना समोर नव्हता. शिकवणारा आणि शिकणारा एका खोलीत असण्याचे ते दोन-तीन महिने गेले की साखळी तुटते.

कळव्यात काय सापडलं

माझ्याकडे एक्सपीचा जुना लॅपटॉप आहे, मुलगा त्याला संग्रहालय म्हणतो. तो घेऊन मी कळव्याला गेले. पेन ड्राइव्हवरचं फोल्डर त्यावर टाकलं आणि प्रोग्रॅम पहिल्या क्लिकला उघडला. वाचनालयाचे चिटणीस दोन मिनिटं नुसते पडद्याकडे बघत होते.

त्यातून डेटा बाहेर काढायला एक दार आहे, आयएसओ २७०९. हा १९७०च्या सुमाराचा, चुंबकीय टेपच्या जमान्यातला साचा, आणि आयसिसवाल्यांचं नशीब की तो जगभर सगळ्यांनी मान्य केलेला. त्याची रचना रेल्वेच्या मालडब्यासारखी. आधी २४ अक्षरांची पाटी, तिच्यातले पहिले पाच आकडे म्हणजे अख्ख्या नोंदीची लांबी. मग प्रत्येक फील्डमागे बारा आकड्यांची एक चिठ्ठी. समजा चिठ्ठीवर ०२४००४२००००० असं आहे. पहिले तीन आकडे टॅग, म्हणजे २४, शीर्षक. पुढचे चार लांबी, ४२. शेवटचे पाच म्हणजे माल कुठून सुरू होतो: शून्यापासून, सगळ्यात पुढे. सगळ्या चिठ्ठ्या झाल्या की मग माल. आयसिस त्यात स्वतःची एक खोड घालतं. दर ८० अक्षरांनी ओळ तोडतं. ते तोडणं आधी साफ केलं नाही तर दुसरा प्रोग्रॅम चिठ्ठ्या वाचताना गोंधळतो. बिरेमेचं एमएक्स नावाचं छोटं अवजार इथे उपयोगी पडलं.

मग भाषा. नोंदी मराठीत होत्या आणि पडद्यावर दिसत होती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डोक्यावर रेघा असलेली परदेशी चिन्हं. चिटणीस घाबरले. घाबरण्यासारखं काही नव्हतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा आकडा देणारी पद्धत, हाताशी नव्हता त्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेला फाँट वापरायचा. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजीच असतं, फाँटचा मुखवटा चढवला की मराठी दिसतं. फाँट नव्या मशीनवर नाही, म्हणून मुखवटा गळाला.

फाँट ओळखून आकारांची अदलाबदल करता येते, पण सरळ नाही. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधीच साठवलेली असते. युनिकोडमध्ये मात्र क आधी, वेलांटी नंतर, जसं बोलतो तसं. रफाराचं उलटं. ‘सूर्य’ या शब्दात तो दिसतो शेवटी, य च्या डोक्यावर, पण ऐकू येतो य च्या आधी. म्हणजे आकार बदलायचे आणि त्यांची जागाही हलवायची. शिवाय युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कळवा’ मध्ये चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. मघाच्या चिठ्ठ्यांवर लांबी बाइटमध्ये असते. मालाचं आकारमान बदललं की सगळ्या चिठ्ठ्या खोट्या. म्हणून आधी माल मोकळा करायचा, मग भाषा बदलायची, मग नव्याने डबे भरायचे. हा क्रम मी एकदा चुकवला होता आणि दोन रविवार वाया घालवले होते.

शेवटी राहिली जुळवणी. ही यादी कोहात न्यायची होती आणि कोहाला मार्क नावाचा साचा लागतो. त्यात शीर्षक २४५, लेखक १००, विषय ६५०. इथले २४, ७०, ६९ तिकडे कुठे न्यायचे हे कोष्टक लिहायला अर्धा तास लागला. मग आला टॅग ९०.

नमुन्यात ९० नाही, म्हणजे तो इथल्याच कुणीतरी आखलेला. त्यात ‘गो’, ‘मा’, ‘भे’, ‘जि’ अशी अक्षरं. कागदावर कुठेही खुलासा नाही. चिटणिसांना विचारलं, ते म्हणाले, "बाईंना माहीत असेल." बाई म्हणजे २०१४ साली निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. आता मुलीकडे नाशिकला असतात. फोन लावला.

"गो म्हणजे गोदरेजचं कपाट," बाई लगेच म्हणाल्या. "मा म्हणजे माळा. भे म्हणजे भेट आलेली. ती वेगळी ठेवायचा ठराव होता तेव्हा."

"आणि जि?"

"जिन्याखालची गं. पण ती आता नाहीत. सव्वीस जुलैला गेली सगळी. पाणी कमरेपर्यंत होतं. दोन दिवस वाळत घातली होती, चिकटलेली पानं सुटेचनात."

"मग नोंदी का ठेवल्या?"

"बाद करायचा ठराव समितीपुढे आलाच नाही कधी. ठरावाशिवाय मी नोंद कशी काढणार?"

२००५ साली भिजून गेलेली दोनशेच्या वर पुस्तकं यादीत अजून शिल्लक होती. वाचक शोधणार, यादी हो म्हणणार, आणि जिन्याखाली फिनेलचे कॅन. बाईंशी बोलणं झालं नसतं तर मी ती सगळी निमूटपणे नव्या यादीत नेली असती, कारण तांत्रिकदृष्ट्या त्यांच्यात काहीच खोट नव्हती.

चिटणीस म्हणाले, काढूनच टाकू. मी ती कोहात घेतली, पण ‘गहाळ’ असा शिक्का मारून, म्हणजे निदान काय होतं ते दिसेल, आणि कुणाला त्यातलं एखादं रद्दीवाल्याकडे मिळालं तर घेता येईल. ठराव त्यांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर टाकला आहे. टॅग ९०चा खुलासा एका कागदावर लिहून मी तो मॉनिटरच्या मागे चिकटपट्टीने लावला. कॉम्प्युटरवरही ठेवला आहे, पण माझा कागदावर जास्त भरवसा आहे.

परवा ऐरोलीहून एक फोन आला. त्यांच्याकडे विनआयसिस नाही, त्याच्याही आधीची डॉसची आवृत्ती आहे. म्हटलं, हे बरंच झालं, ती चालवणं उलट सोपं. डॉसचा आभास करून देणारे प्रोग्रॅम आज फुकट आणि खुले मिळतात. मग ते म्हणाले, डेटा सव्वापाच इंची फ्लॉपीवर आहे. तिचा ड्राइव्ह कुणाकडे शिल्लक असेल, ते विचारायला वहीतला चौथा नंबर पुन्हा लावून बघते आहे.